तेरा भागांचा कार्यक्रम तीन भागांत कसा आटोपावा

दूरचित्रवाणीवर विविधरंगी मनोरंजनाचा कार्यक्रम काढून तो अल्पावधीत बंद पाडण्याची आपली मनीषा असेल, तर सर्वप्रथम मराठवाड्यात यावे. आठ जिल्ह्यांच्या या प्रदेशात मुबलक, अनोळखी आणि स्वस्त असे तिन्ही गुण अंगी असलेले कलावंत सापडतात. पाऊस मात्र यांपैकी एकाच वर्णनाला उतरतो. वाहिनीकडून एका तिमाहीचे, म्हणजे तेरा आठवड्यांचे वेळापत्रक मंजूर करून घ्यावे. तेरा या आकड्यात पुढचे भविष्य दडलेलेच आहे. तथापि योग्य काळजी घेतल्यास तेराव्याच्या गोड जेवणापर्यंत थांबावे लागत नाही, तिसऱ्यालाच सावडून मोकळे होता येते.

निवडचाचणी एखाद्या मंगल कार्यालयात, लग्नाच्या तिथी नसतील अशा दिवसांत घ्यावी, म्हणजे भाडे कमी पडते. तुळजापूर आणि माहूर ही देवीची दोन्ही ठाणी याच भागात असल्याने कदमराई आणि रेणुराई अशा दोन्ही परंपरांचे गोंधळी येतील, एकनाथांच्या पैठणकडून भारूडवाले येतील, शिवाय वासुदेव, शाहीर आणि हलगीवाले आपापल्या खर्चाने हजर होतील. जाहिरातीत 'अनुभवाची अट नाही' असे आवर्जून छापावे. त्यामुळे चाळीस वर्षे गोंधळ घालणारा माणूससुद्धा नवोदित ठरतो आणि मानधनाऐवजी संधी स्वीकारतो.

निवड झाल्यावर भाषेकडे लक्ष द्यावे. संवादलेखक मुंबईचा असावा आणि खेड्यातली सगळी माणसे 'लई भारी' याखेरीज काही बोलत नाहीत, अशी त्याची खात्री असावी. लातूरकडचा कलावंत सरावाच्या वेळी 'काय करायलास?' असे म्हणाला, किंवा परभणीकडच्याने 'कामून?' असे विचारले, तर त्याला तिथेच थांबवून नीट गावरान बोलण्यास सांगावे. तो थोडा गोंधळेल, पण गोंधळी असल्यास ते शोभूनही दिसेल. (हा विनोद आपल्या निवेदकासाठी राखून ठेवला आहे, तो प्रत्येक भागात निदान दोनदा वापरावा.)

आता मुख्य कला सादरीकरणाची. गोंधळ रात्रभर चालतो ही त्याची मोठी उणीव असून ती नव्वद सेकंदांत दूर करता येते. मी स्वतः एका चित्रीकरणास हजर होतो. गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला संबळ बांधलेला धाकटा गोंधळी, मागे तुणतुण्यावर त्याचा थोरला भाऊ. दिवटी पेटवायला ते निघाले, तेव्हा स्टुडिओत आग चालत नाही असे सांगून त्यांच्या हाती बॅटरीवर लुकलुकणारी प्लॅस्टिकची ज्योत देण्यात आली. थोरल्याने ती उलटी करून पाहिली, तेल कुठे घालायचे ते सापडेना, म्हणून मुकाट्याने कपाळाला लावली. मग देवतांना आवाहन सुरू झाले. तुळजापूरची भवानी गोंधळाला आली, माहूरची रेणुका आली, कोल्हापूरची अंबाबाई वाटेत असतानाच घंटा वाजली. परीक्षक बाईंनी डोळे पुसले आणि 'एनर्जी छान होती, पण थोडं व्हेरिएशन हवं होतं' असा अभिप्राय दिला. बाकीच्या देवतांना निरोप कसा कळवावा, या विवंचनेत दोघे भाऊ बराच वेळ जागेवरच उभे होते; अखेर एका मुलाने त्यांना हाताला धरून बाहेर नेले.

हिशेबही चोख ठेवावा. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवण्यास नियमाने मुभा आहे, ती पूर्ण वापरावी. सात कलावंतांना प्रत्येकी ९० सेकंद दिल्यास साडेदहा मिनिटे होतात, म्हणजे जाहिराती थोडक्या फरकाने का होईना, पुढेच राहतात. उरलेल्या साडेसदतीस मिनिटांत परीक्षकांचे एकमेकांशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध दाखवावेत आणि त्याच वाहिनीवरील मालिकेची नायिका पुढच्या आठवड्यातील लग्नाचे आमंत्रण द्यायला आणावी. कलावंताचे नाव पडद्यावर चुकीचे लिहावे. अनोळखी माणसाने अनोळखीच राहिले पाहिजे.

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात, त्यामुळे बुधवारपर्यंत आशा बाळगण्यास हरकत नाही. लवकर बंद पडण्याचा मान मात्र आपल्याला मिळेल या भ्रमात राहू नये. अमेरिकेत ५ फेब्रुवारी १९६९ रोजी एबीसी वाहिनीवर 'टर्न-ऑन' नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि क्लीव्हलंडच्या केंद्राने पहिल्या जाहिरातीनंतर तो पुन्हा दाखवलाच नाही. इतकी तत्परता आपल्याकडे दुर्मिळ आहे. आपल्याकडे कार्यक्रम सुरू असल्याचे कळायलाच दोन आठवडे जातात.

प्रेक्षक मुळीच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या दोन भावांचा उल्लेख वर केला, त्यांच्या गावात त्या रात्री देवळासमोर टीव्ही मांडला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या, सरपंचांनी नारळ फोडला होता. सव्वानऊला गावाला वीज देणारी डीपी जळाली. नव्या डीपीसाठी वर्गणी गोळा करणे, ट्रॅक्टर पाठवणे, अर्जावर सही मिळवणे यांत नेहमीप्रमाणे बरेच दिवस गेले, आणि गावात दिवे लागले तोवर आपला कार्यक्रम निकालात निघालेला होता.

थोरले अजूनही अधूनमधून फोन करतात. 'साहेब, आमचा भाग परत कधी दाखवणार?' असे ते विचारतील, तेव्हा 'लवकरच' एवढेच सांगावे, आणि लगेच फोन ठेवू नये, कारण मागून संबळाचा आवाज येत असतो. लग्नसराई असली, तर ते बोलणे आवरते घेऊन स्वतःच फोन ठेवतात. त्यांना रात्रभराचे काम असते.