गाळा की रीट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसते आभार मानून सुटत नाही. तुमचं म्हणणं असं: मी रीटची, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारती बाळगणाऱ्या ट्रस्टची, भलामण करतो, एम्बसी या रीटचं 300 रुपयांना आलेलं युनिट (त्यातला एक हिस्सा) वर्षानुवर्षं तिथंच घुटमळलं, त्यापेक्षा हिंजवडीत गाळा घेतला असता तर भाडं मिळालं असतं आणि जागाही नावावर राहिली असती.

भाव संथ चालतो, हे खरंच आहे. बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार वाटपयोग्य रोख रकमेतले किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावेच लागतात. पैसा आत साठतच नाही, मग भाव पळणार कशाच्या जोरावर? एम्बसी बाजारात आली त्या एप्रिल 2019 पासून हातात पडलेली रक्कम वगळून नुसता भाव मोजायचा असेल, तर तुमच्या गाळ्याचंही भाडं वगळा. एका बाबतीत मात्र तुमचा संशय रास्त आहे. या वाटपात व्याज आणि लाभांशाबरोबर कर्जपरतफेडीचा हिस्सा असतो: रीटने आपल्या पैशातून इमारतींच्या कंपन्यांना दिलेलं कर्ज फिटतं, म्हणजे आपलेच पैसे परत येतात. सगळी रक्कम 'उत्पन्न' म्हणून दाखवणारे सल्लागार हे सांगायचं सोयीस्कर विसरतात.

आता हिंजवडी. तुम्ही नेमकं तेच नाव घेतलंत, बरं झालं. तिथली बरीच ऑफिसं सेझमध्ये, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत. सेझमध्ये 31 मार्च 2020 नंतर काम सुरू करणाऱ्या कंपन्यांना आयकराची सवलत उरली नाही, आणि त्याच सुमारास टाळेबंदी आली. नव्या कंपन्यांना सेझमध्ये यायचं कारण राहिलं नाही. उलट साध्या कंपनीला ती जागा भाड्याने देताही येईना. अखेर डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलले आणि इमारतीतला एखादाच मजला सेझमधून वेगळा काढायची मुभा मिळाली. मधल्या काळात आयटी पार्कबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचं, मेसवाल्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. गाळ्यांचे भाडेकरू तेच! हिंजवडीतलं क्वाड्रन एम्बसीचंच आहे, पण तिथं मजले रिकामे राहिले तरी बेंगळुरूच्या मान्यता पार्कचं आणि नरिमन पॉइंटच्या एक्स्प्रेस टॉवर्सचं भाडं येत होतं. एका गाळ्याच्या मालकाला असा आधार कुठून मिळणार?

किमान दहा लाख गुंतवावे लागणाऱ्या 'छोट्या रीट'बद्दल विचारलंत. मार्च 2024 च्या नियमांनी 50 ते 500 कोटींच्या मालमत्तेला ही वाट मोकळी झाली, आणि त्या डिसेंबरमध्ये पहिली योजना बाजारात आली. तिच्यात बेंगळुरूच्या एकाच इमारतीतली जागा आहे. एकाच इमारतीवर भिस्त असेल तर जोखीम गाळ्यासारखीच. फरक इतकाच की किल्लीही आपल्या हातात नाही. मी त्यापासून लांब आहे.

जानेवारी 2026 पासून म्युच्युअल फंडांसाठी रीट 'इक्विटी'त, म्हणजे शेअरच्या गटात, धरले जाताहेत. त्याने खरेदीदार वाढतील. पण भाड्यासाठी आलेल्यांना मग शेअर बाजाराचे हेलकावेही जास्त सोसावे लागतील, असं मला वाटतं.

गाळा घ्यायचाच असेल तर 'भाडेकरू बसलेला आहे' या एका वाक्यावर चढा भाव देऊ नका. लीव्ह अँड लायसन्सचा करार मागून घ्या, लॉक-इनचे (ज्या मुदतीत भाडेकरूला जागा सोडता येत नाही तिचे) किती महिने उरलेत ते बघा, आणि शेजारचे बंद गाळे कधीपासून बंद आहेत ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा.