सत्तावन्न, शताब्दीचं सरकार आणि गोडसे भटजी

१८५७ वर चर्चा सुरू झाली की दोन मिनिटांत गाडी 'बंड की स्वातंत्र्यसमर' यावर येते आणि तिथेच रुतते. मला या वादाचा वीट आलाय. जे लढले आणि जे मेले त्यांच्या मनात काय होतं, हे त्यात कुणी विचारतच नाही.

१९५७ साली शताब्दी आली तेव्हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली, फाळणीची जखम ओली. हिंदू-मुसलमान एकजुटीने लढले असा इतिहास सरकारला हवा होता, आणि तो का हवासा वाटला असेल हे मला कळतं. सत्तावन्नच्या सरकारी इतिहासग्रंथाचं काम इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे गेलं. मराठ्यांच्या राज्यकारभाराचा दांडगा अभ्यास असलेला हा माणूस कागद सोडून बोलणारा नव्हता. धर्मासाठी सुरू झालेली लढाई शेवटी स्वातंत्र्याची झाली, असं त्यांनी लिहिलं. त्याच वर्षी दुसरे इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनी स्वतःचं पुस्तक काढून 'पहिलं', 'राष्ट्रीय' आणि 'स्वातंत्र्ययुद्ध' हे तिन्ही शब्द खोडले. मजुमदारही राष्ट्रवादीच, फक्त त्यांच्या लेखी राष्ट्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी होता.

आता आपले वरसईचे विष्णुभट गोडसे बघा. डोक्यावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि थेट धुमाळीत सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास' या आठवणींच्या पुस्तकात राष्ट्र कुठेच नाही. धर्म बुडेल ही भीती आहे, काडतुसं आहेत, झाशी पडल्यावर गोऱ्यांनी केलेलं 'बिजन' म्हणजे सरसकट कत्तल आहे, घराघरांतली लूट आहे. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी विहिरीवर भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते. हरत आलेल्या लढाईच्या मधोमध तिला ही रीत पाळावीशी वाटते! तिचं जग कसं होतं हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही पुतळ्यातून कळत नाही.

आणि याच पुस्तकाचं काय झालं? चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पण इंग्रज सरकारच्या धाकाने काटछाट करून, भाषा सफाईदार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी शुद्ध प्रत काढली ती १९६६ साली. म्हणजे स्वराज्य आल्यावरही भटजींना स्वतःच्या शब्दांत बोलायला एकोणीस वर्षं थांबावं लागलं.

राणी दत्तकाच्या हक्कासाठी आणि झाशीसाठी लढली, शिपाई धर्मासाठी. ही कारणं आपल्याला अपुरी का वाटावीत? त्यांच्या तोंडी आपलं राष्ट्र घालणं मला त्यांच्यावर अन्याय वाटतो, मग ते काम दिल्लीतल्या कुठल्याही रंगाच्या सरकारने केलेलं असो. शाळेत सत्तावन्नच्या धड्याआधी मुलांना भटजींची झाशीची प्रकरणं अख्खी वाचायला द्या, पोतदारांच्या प्रतीतली.