नायट्रोजन? ७८ टक्के आधीच भरलाय

गाडीवाल्यांच्या गप्पांत टायरचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "साधी हवा म्हणजे टायरचा शत्रू. नायट्रोजन थंड वायू आहे, त्याने टायर तापत नाही आणि फुटत नाही. दाब वाढत नाही, कमीही होत नाही. विमानात आणि रेसच्या गाड्यांत तोच भरतात. मायलेज वाढतं, टायर दुप्पट टिकतो, गाडी हलकी होते. आणि एकदा नायट्रोजन भरलात की त्यात चुकूनही साधी हवा मिसळू नका." शेवटी हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

त्यावर थट्टा सुरू होते. हीलियम भरला तर गाडी रात्री दोरीने बांधून ठेवावी लागेल का? हिवाळ्यात भरलेली हवा उन्हाळ्यात चालते की बदलून घ्यावी? थट्टा करणारे निदान थट्टा करतोय हे जाणून असतात. मेसेज पाठवणारे गंभीर असतात, म्हणून उत्तर मेसेजला.

आधी एक आकडा समोर ठेवू, तो पुढे सारखा लागेल. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आर्गॉन. म्हणजे 'साधी हवा' भरलेला प्रत्येक टायर तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजननेच भरलेला असतो. सगळा वाद आहे तो उरलेल्या एकवीस टक्क्यांचा.

"नायट्रोजन थंड असतो, म्हणून टायर तापत नाही."

हा समज बहुधा द्रवरूप नायट्रोजनच्या वाफाळत्या चित्रांवरून आला असावा. तो उणे १९६ अंशांना उकळतो हे खरं, पण टायरमध्ये जातो तो नेहमीच्या तापमानाचा वायू. टायर तापतो तो रबर आणि आतले दोर प्रत्येक फेऱ्याला दबतात, वाकतात आणि सरळ होतात म्हणून. ही उष्णता टायरच्या अंगात तयार होते. आत कोणता वायू कोंडलाय याच्याशी तिचा संबंध नाही, किती कोंडलाय याच्याशी आहे. दाब कमी असेल तर साइडवॉल, म्हणजे टायरची कूस, जास्त वाकते, जास्त तापते, आणि भरधाव, भरलेल्या गाडीचा टायर असाच जातो. नायट्रोजन भरलेला पण २२ पीएसआयवर (हे टायरच्या दाबाचं माप) पळणारा टायर साध्या हवेच्या ३३ पीएसआयवाल्या टायरपेक्षा कितीतरी धोक्याचा.

"गाडी कितीही पळाली तरी दाब वाढत नाही."

वाढतो. बंद जागेतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, आणि टायरमधल्या दाबाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघंही सारखेच वागतात. हिशोब करून पाहा. २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर ५० अंशांपर्यंत तापला की गेज ३८ च्या आसपास दाखवेल. वायू बदला, आकडा तोच येईल.

यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, ती मेसेजमध्ये नाही. फरक पाडतं ते पाणी. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. टाकीतलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही तर ते नळीवाटे थेट टायरमध्ये येतं. टायर तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि दाबात आपली भर घालते. ६० अंशांपर्यंत तापलेल्या टायरमध्ये ही भर दोन-अडीच पीएसआयपर्यंत जाऊ शकते. नायट्रोजन कोरडा असतो, म्हणून त्याच्यात हा प्रकार होत नाही. पण ही करामत नायट्रोजनची नाही, कोरडेपणाची आहे. नीट सुकवलेली हवाही अशीच वागते. रेसवाल्यांना तापलेल्या टायरचा दाब आधी अचूक सांगता यायला हवा असतो, अर्ध्या पीएसआयनेही गाडीचं वळणं बदलतं, म्हणून त्यांना कोरडा वायू लागतो. रोजच्या रस्त्यावर सकाळी आणि दुपारी आपल्या टायरचा दाब किती वेगळा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

"नायट्रोजन गळत नाही."

गळतो, फक्त सावकाश. रबर आपल्याला घट्ट वाटलं तरी रेणूंच्या लेखी ती चाळणीच. म्हणून ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला ब्यूटिल रबराचा थर देतात, तो वायू सर्वांत चांगला अडवतो. त्यातूनही ऑक्सिजन नायट्रोजनच्या तीन-चार पट वेगाने निसटतो. इथपर्यंत मेसेजची बाजू भक्कम आहे.

पण किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने तो विचारला होता. त्यांनी ३१ प्रकारच्या टायरच्या जोड्या घेतल्या, एकात हवा आणि एकात नायट्रोजन, दोन्ही ३० पीएसआयला भरून वर्षभर बाहेर ठेवले. निकाल २००७ मध्ये आला. हवेच्या टायरने सरासरी साडेतीन पीएसआय गमावले, नायट्रोजनच्या टायरने २.२. म्हणजे वर्षाचा फायदा १.३ पीएसआय. याच्या शेजारी तापमान ठेवा: दर दहा अंशांमागे दाब साधारण दीड पीएसआयने वरखाली होतो. पहाटे आणि दुपारी दाब पाहिला तर दोन मोजण्यांतला फरक नायट्रोजनच्या वर्षभराच्या कमाईहून मोठा निघेल. शिवाय ही सगळी गळती रबरातून होणारी. खिळा, जुना व्हॉल्व्ह, रिमच्या काठाला धरलेला गंज यांना कोणताही रेणू मोठा नाही.

आणि एक गंमत. साध्या हवेच्या टायरमधून आधी कोण जास्त पळतं? ऑक्सिजन. मग आपण वरून पुन्हा हवा भरतो, पुन्हा ऑक्सिजन जास्त निसटतो, नायट्रोजन मागे राहतो. वर्षानुवर्षं दर महिन्याला नुसती हवा भरत राहणाऱ्याच्या टायरमध्ये नायट्रोजनचं प्रमाण आपोआप ७८ च्या वर चढत जातं.

उलट 'नायट्रोजन भरला' म्हणताना पुष्कळदा काय होतं तेही पाहा. टायरमध्ये २८ पीएसआय हवा आहे आणि वर शुद्ध नायट्रोजन भरून ३३ केला, तर आतलं प्रमाण ७८ वरून जेमतेम ८० टक्क्यांवर जातं. टायर पूर्ण सोडला तरी त्यात बाहेरच्या दाबाइतकी हवा उरतेच. तिच्यावर ३३ पीएसआयपर्यंत शुद्ध नायट्रोजन भरला तर ९३ टक्के होतात. ९५ च्या वर जायचं तर टायर दोनदा रिकामा करून दोनदा भरावा लागतो. व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवं टोपण बसवायला मात्र क्षणभर पुरतो.

"विमानात तोच भरतात."

भरतात, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडालं आणि थोड्याच वेळात डोंगरात कोसळलं. १६७ जण गेले. चाकाचा ब्रेक घासत राहून भयंकर तापला होता. टायरमध्ये नायट्रोजनऐवजी दाबलेली हवा होती. तेवढ्या उष्णतेत टायरच्या आतल्या रबरातून ज्वलनशील वाफा निघतात, त्यांना आतच दाबाखालचा ऑक्सिजन मिळाला आणि चाकाच्या खोबणीत आत ओढलेला टायर स्फोट होऊन फुटला. इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या. अमेरिकी नियम आज सांगतो की ७५,००० पौंडांहून जड विमानाच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त असता कामा नये. शिवाय विमानाच्या टायरमध्ये दाब २०० पीएसआयच्या घरात असतो, आणि वर उणे ५० अंशांच्या थंडीत आतलं पाणी गोठलं तर उतरताना ते वेगळंच दुखणं.

यातलं आपल्या गाडीला काय लागू होतं? ब्रेकची डिस्क घाट उतरताना तापते, पण टायर काही तिच्यासकट पेट्रोलच्या नळ्यांच्या शेजारी एका बंद कप्प्यात जाऊन बसत नाही. आणि विमानाचाच दाखला द्यायचा असेल तर पाच टक्क्यांची अटही घ्या. वरच्या हिशोबातल्या ८० टक्केवाल्या टायरमध्ये अजून एकोणीस टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन बसलेला आहे.

"मायलेज वाढतं."

दाब बरोबर असला की मायलेज वाढतं, वायूने नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा की चारही टायरचा दाब एक पीएसआयने घटला की मायलेज सुमारे ०.२ टक्का उतरतं. वर्षभराचा १.३ पीएसआयचा फरक याने गुणा. मधूनमधून गेज लावणाऱ्याला तेवढाही फरक पडत नाही.

"टायर दुप्पट टिकतो."

'दुप्पट'ला काही आधार नाही, पण हा मुद्दा मी पूर्ण हसण्यावारी नेणार नाही. ऑक्सिजन रबराला आतून म्हातारं करतो हे खरं आहे. दाबाखालचा ऑक्सिजन आतल्या थरातून झिरपत पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबरापर्यंत पोचतो आणि ते ठिसूळ होत जातं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने टायर लवकर म्हातारे करून तपासायचे ठरवले तेव्हा त्यांत अर्धा ऑक्सिजन असलेलं मिश्रण भरून ते गरम भट्टीत ठेवले, ते याचसाठी. त्यामुळे ज्यांची गाडी वर्षाकाठी फारच थोडी फिरते आणि नक्षी झिजायच्या आत टायरचं वय उलटतं, त्यांच्या बाबतीत नायट्रोजनच्या बाजूने थोडं बोलता येतं. रोज पळणाऱ्या गाडीची नक्षी त्याआधीच संपते. बाहेरच्या अंगाला ऊन, ओझोन आणि २१ टक्के ऑक्सिजन लागतोच, तिथे नायट्रोजन काय करणार? टायरचं वय त्याच्या कुशीवर लिहिलेलं असतं: शेवटचे चार आकडे, आधी आठवडा, मग वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

"गाडी हलकी होते."

आता हीलियमवाल्यांचा हिशोब करून टाकू. मध्यम आकाराच्या टायरमध्ये साधारण ३५ लिटर जागा धरली तर ३३ पीएसआयला आत सुमारे १३५ ग्रॅम हवा असते. शुद्ध नायट्रोजन भरला तर चार-पाच ग्रॅम वाचतात, म्हणजे बॅलन्सिंगसाठी रिमला चिकटवतात त्यातल्या लहानात लहान तुकड्याएवढे. हीलियम भरला तर आत फक्त १९ ग्रॅम वायू राहील. टायरने बाजूला सारलेली बाहेरची हवा ४२ ग्रॅम, म्हणजे खरंच २३ ग्रॅमची उचल मिळेल! चार चाकांची मिळून शंभर ग्रॅमच्या आत. एक टनाची गाडी जमिनीवरून उठवायला असे त्रेचाळीस हजार टायर लागतील, तेही टायरला स्वतःचं वजन नाही असं धरून. आणि ब्यूटिलमधून हीलियम नायट्रोजनपेक्षा कैक पटींनी लवकर पळतो, त्यामुळे दोरीने बांधायची वेळ येण्याआधीच गाडी रिमवर बसेल.

रेणू जितका मोठा तितका बरा, हा तर्क मात्र एकदा थट्टेच्या पलीकडे गेला होता. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा हवेच्या पाचपट जड वायू रबरातून फारच सावकाश निसटतो. जर्मनीत लोक तो खरोखर गाडीच्या टायरमध्ये भरून घेत. दाब टिकायचा. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापमानवाढ घडवतो, आणि टायर बदलताना तो सगळा मोकळा सुटायचा. युरोपीय संघाने २००७ पासून असे टायर बाजारात आणायला बंदी घातली. उलटी बाजू सायकलवाल्यांना माहीत असते. पंक्चर काढल्यावर ते कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने चाक क्षणात फुगवतात, पण तो वायू रबरात विरघळून पसार होतो आणि एक-दोन दिवसांत चाक मऊ पडतं.

"नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळू नका."

बाकीचे दावे वाढवून सांगितलेले आहेत. हा एक सरळ घातक आहे. या दोन वायूंची टायरमध्ये कसलीही प्रक्रिया होत नाही. तसं होत असतं तर आपण श्वास घेतो ती हवाच नांदली नसती. ९५ टक्के नायट्रोजनचा टायर २८ पीएसआयवर उतरला आणि त्यात साधी हवा भरून ३३ केला तर आत ९३ टक्के नायट्रोजन राहतो. नुकसान म्हणावं तर इतकंच.

पण हे वाक्य वाचलेला माणूस दाब २४ वर आलेला असताना हवेच्या पंपासमोरून निघून जातो, पुढे कुठे नायट्रोजन मिळेल म्हणून. गाडीत माणसं, मागे सामान, बाहेर ऊन, आणि टायरची कूस प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतेय. ज्या तापण्याला घाबरून त्याने नायट्रोजन भरला होता, ते तो स्वतःच ओढवून घेत असतो. दाब उतरल्याचा इशारा देणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही फार विसंबू नये. अमेरिकी नियमानुसार तो पेटायची हद्द नेमून दिलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली आहे, म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर जरूर घ्या, त्याने बिघडत काहीच नाही. टायर किती वेळा रिकामा करून भरणार एवढं मात्र विचारा. आणि नेमून दिलेला दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तो थंड टायरचा आकडा आहे, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायचा. मोजल्यावर दाब कमी निघाला तर जवळ जो पंप असेल त्याची नळी लावा. हिरव्या टोपणाखालचा व्हॉल्व्ह इतरांसारखाच असतो.