त्या अळीला मारू नका

आज सकाळी शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर एका तरुण मुलाने फोटो टाकला. मिरचीच्या पानावर काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी. खाली प्रश्न, "ही कोणती कीड? काय मारू?" आणि लगेच औषधांची नावं धडाधड यायला लागली, डोससकट. पान कुठे कुरतडलंय का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. डोक्यात तिडीक गेली.

अहो, ती ढालकिड्याची अळी होती! लेडीबर्डची. मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी ती बारीक कीड, खाऊन जगते ती. मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. लाल गोल ढालकिडा सगळ्यांना गोड वाटतो, आणि त्याचं पोर दिसलं की फवारणीचा पंप पाठीवर चढतो.

आमच्या चवळीवर एकदा काळा मावा आला होता. शेंडे, फुलांचे दांडे, कोवळ्या शेंगा, सगळं काळंकुट्ट आणि चिकट. येणारा-जाणारा फवारायला सांगत होता. आईने पंपाला हात लावू दिला नाही. "दम धरा, खाणारे येतील," एवढंच. रोज सकाळी जाऊन पानं उलटून बघायची. आधी पानामागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले, उभे रचून ठेवल्यासारखे. मग त्याच काळ्या अळ्या. आणि बघता बघता शेंडे स्वच्छ.

याला नशीब म्हणू नका. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आता जहाल औषध मारलं की दोघेही मरतात, पण आधी परत कोण येणार? मावाच. आणि तेव्हा त्याला खाणारं रानात कुणी नसतं. मग दुसरी फवारणी, मग तिसरी, आणि वर "हल्ली औषधं लागूच पडत नाहीत" ही ओरड. कशी लागू पडतील? औषधाला न मरणारेच तेवढे मागे ठेवलेत ना आपण!

हो, पांढरी माशी टोमॅटोवर लीफ कर्ल, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूरोग, पसरवत असेल तर तिथे वाट बघत बसता येत नाही. मान्य. वांग्यावरचा एपिलॅक्ना भुंगेरा याच कुळातला असून पानं खातो, तेही मान्य. पण त्याची अळी पिवळी, काटेरी असते आणि पानाची चाळण झालेली दिसते. बघितलं तर कळतं. आठवड्याचा वार ठरला म्हणून कीड नसतानाही फवारायचं, याला मात्र मी कधीच मान्यता देणार नाही.

त्या मुलावर राग नाही माझा. त्याने निदान विचारलं तरी. त्याला जे शिकवलं गेलं ते बाटलीवरूनच सुरू होतं. शाश्वत शेती म्हटलं तरी लोक आधी विचारतात, कोणता अर्क, किती मिली. आईने त्या चवळीशेजारी फुलावर आलेली कोथिंबीर उपटली नव्हती, हे कुणी विचारत नाही. त्या पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या येतात, मध आणि पराग खातात, आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. एक ओळ फुलायला सोडायची, एवढंच. आणि युरियाचा हात आखडता घ्यायचा. पाला फार लुसलुशीत झाला की मावा तिथेच बसतो.

ज्यांच्या रानात आत्ता मावा आहे त्यांनी उद्या पंप काढायच्या आधी पानं उलटून बघा. माव्यात मधेच काही फुगलेले, सोनेरी-तपकिरी, जागचे न हलणारे दिसतील. त्यांच्यात बारीक गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं. पाठीवर गोल भोक असेल तर तिची पिढी बाहेरही पडली. असे बरेच दिसले तर पंप परत ठेवून द्या आणि मला फोटो पाठवा, रात्री कितीही वाजता पाठवा.