नराचा नारायण आणि दारातला बर्फ

युटा राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘पृथ्वीवरील सर्वोत्तम हिम’ अशा अर्थाची जाहिरात असते. ती ज्याला सुचली त्याला वॉसॅच पर्वतावरून त्या हिमावर घसरत खाली यायचे असावे. तेच सर्वोत्तम हिम पहाटे साडेपाच वाजता स्वतःच्या दारातून उपसण्याचे काम त्याच्याकडे नसावे. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेकडील एका उपनगरात आम्ही गेली नऊ वर्षे राहतो. बर्फ पडायचा थांबला की ठरावीक मुदतीत घरापुढचा पदपथ मोकळा करणे ही घरमालकाची जबाबदारी असते, हे मला घर घेतानाच सांगण्यात आले होते. मात्र ती जबाबदारी पार पाडण्याची संधी मला कधी मिळणारच नाही, हे कोणी सांगितले नव्हते.

याचे कारण म्हणजे आमचे शेजारी. वय वर्षे अडुसष्ट, शिक्षकी पेशातून निवृत्त, पाच मुले आणि एकोणीस नातवंडे. नऊ हिवाळे मी पांघरुणाच्या आतून त्यांच्या फावड्याचा आवाज ऐकत आलो आहे. पाते काँक्रीटवरून खरवडत जाते, बर्फ बाजूला धपकन पडतो, पुन्हा पाते खरवडते. हा आवाज आधी त्यांच्या दारात, दूरवर, एका लयीत चालतो. मग थोडी शांतता पसरते. पहिल्या वर्षी त्या शांततेत मला आशा वाटत असे, की ते घरात गेले असावेत. आता मला ठाऊक आहे, की ती शांतता म्हणजे त्यांनी आमची हद्द ओलांडली असल्याची खूण आहे.

“अहो, उठा, ते आले!” असे बायको म्हणते. आमच्या साताऱ्याच्या घरी नळाला पाणी आल्याची वर्दी पहाटे याच स्वरात दिली जात असे. मी स्वेटर, जाकीट, टोपी, हातमोजे आणि बूट या क्रमाने चढवून बाहेर पडेपर्यंत आमचा ड्राइव्हवे तव्यासारखा स्वच्छ झालेला असतो, आणि ते फावडे खांद्यावर टाकून तिसऱ्या घराकडे निघालेले असतात. मी हात हलवतो, तेही हलवतात. नऊ वर्षांच्या उपकारांची परतफेड माझ्याकडून आजवर एवढीच झाली आहे.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारले, की या वयात तुम्ही हे कशासाठी करता? त्यावर ते फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि तापमान उणे दहा असताना त्यांनी मला मोक्षशास्त्र सांगितले. ते ख्रिस्ताला मानणाऱ्या लॅटर-डे सेंट्स पंथाचे आहेत. जग त्यांना मॉर्मन म्हणते, परंतु २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी चर्चचे पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरल्यापासून मी ‘शेजारी’ या शब्दावर भागवतो. ते म्हणाले, “परमेश्वर आमचा पिता आहे, हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही. मूल वाढून बापासारखे व्हावे, यात नवल ते काय?” मी मान डोलावली. वडिलांसारखे होण्याच्या बाबतीत मला आजवर टक्कल आणि घोरणे एवढेच साधले आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मताचा थोडा अभ्यास केला. शत्रूच्या गोटाची माहिती असावी, एवढाच माझा हेतू होता. या शिकवणीचे सर्वांत गाजलेले प्रवचन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी ७ एप्रिल १८४४ रोजी इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी केले. किंग फॉलेट नावाचे एक अनुयायी विहीर बांधत असताना अंगावर दगड पडून वारले होते, आणि त्यांचे स्मरण हे त्या प्रवचनाचे निमित्त होते. (किंग हे त्यांचे पाळण्यातले नाव होते. मी बरेच दिवस त्यांना राजा समजत होतो, आणि राजावर स्वतःची विहीर बांधण्याची वेळ कशी आली, या विचाराने मला हळहळ वाटत होती.) स्मिथ दोन तासांहून अधिक वेळ बोलले. परमेश्वर स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता, तो उन्नत झालेला मनुष्यच आहे, आणि देव कसे व्हायचे हे तुम्हांलाही शिकावे लागेल, असे त्यांनी सांगितले. शिडी चढायची तर खालच्या पायरीपासून सुरुवात करून एकेक पायरी चढावी लागते, हा दृष्टांतही त्यातलाच. हे सगळे शिकणे या लोकात पुरे होणार नाही, मृत्यूनंतरही ते फार काळ चालू राहील, असेही त्यांनी बजावले होते. परलोकातही एटीकेटीची सोय आहे हे वाचून मला त्या पंथाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. पुढे तीन महिन्यांच्या आत, २७ जून रोजी, जमावाने इलिनॉयमधल्याच कार्थेज गावच्या तुरुंगात स्मिथ यांची हत्या केली.

याच विचाराचे दोन ओळींचे सुटसुटीत सूत्र त्याच्याही आधी, १८४० साली तयार झाले होते. मनुष्य आज जसा आहे तसा देव एकदा होता, आणि देव आज जसा आहे तसा मनुष्य होऊ शकेल, असा त्याचा भावार्थ. हे सूत्र रचणारे गृहस्थ पुढे चर्चचे पाचवे अध्यक्ष झाले. त्यांचे नाव लॉरेन्झो स्नो. म्हणजे ज्या पदार्थाने माझे हिवाळे नासवले, त्याच्याच नावाच्या माणसाने माझ्या शेजाऱ्यांना पहाटे उठायला लावले आहे. हा योगायोग मी त्यांच्या कानावर घातला तेव्हा ते इतके हसले, की त्यांच्या श्वासाच्या वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

तरी एका बाबतीत माझी निराशा झाली. या मंडळींना मृत्यूनंतर स्वतःचा एकेक ग्रह मिळतो, असे मला कार्यालयात कोणीतरी सांगितले होते. त्याची चौकशी केली तेव्हा शेजारी दमल्यासारखे हसले. हे चित्र बाहेरच्यांनी रंगवलेले आहे, खुद्द चर्चने २०१४ साली देवासारखे होण्याविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात ते व्यंगचित्रासारखे असल्याचे म्हटले आहे, असे ते म्हणाले. मी त्यांना दिलासा दिला, की आमच्याकडे कोणी ग्रह मिळावा म्हणून देवाकडे जात नाही, लागलेला सुटावा म्हणून जातो, आणि एका शनीपायी माझ्या काकांची साडेसात वर्षे फुकट गेली आहेत. देव पूर्वी मनुष्य होता या पहिल्या ओळीविषयीही अलीकडे फार बोलले जात नाही. १९९७ साली एका वार्ताहराने छेडले असता तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांनी तो एक द्विपदीचाच प्रकार आहे, आणि त्यातल्या खोल तत्त्वज्ञानाविषयी आपल्याला फारसे ठाऊक नाही, अशा आशयाचे उत्तर दिले होते. मला हे उत्तर मनापासून आवडले. आमच्याकडच्या एखाद्या महाराजांनी ‘मला फारसे ठाऊक नाही’ असे म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मी अंथरुणात आणि ते बर्फात, असे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि तो दोष माझा नसून व्याकरणाचा आहे, अशा निष्कर्षाला आलो. आमच्याकडे ‘अहं ब्रह्मास्मि’ असे वर्तमानकाळात सांगून ठेवलेले आहे. जो मुळातच ब्रह्म आहे त्याला फक्त तसे ध्यानात यायचे बाकी असते, आणि ध्यानात येण्यासाठी गादी ही काही वाईट जागा नव्हे. शेजाऱ्यांचा सगळा कारभार भविष्यकाळात चालतो, आणि भविष्यकाळ म्हटला की गजर लावावा लागतो. शिवाय त्यांना कशात विलीन व्हायचे नाही. त्यांचा देव हाडामांसाच्या देहाचा आहे, आणि माणसालाही देहानिशी, कुटुंबासह वर जायचे असते. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या तेजाशी तुलना केलेले तीन लोक त्यांच्या स्वर्गात आहेत. त्यांतल्या सूर्यलोकाच्या अगदी वरच्या मजल्यावर जायचे, तर मंदिरात अनंतकाळासाठी शिक्कामोर्तब झालेला विवाह लागतो. मी घरी हे सविस्तर सांगितले, तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “वटपौर्णिमेच्या कराराला निदान मुदत तरी असते.” नंतर तिने देठ बाजूला सारले आणि पुस्ती जोडली, “तुम्ही देवासारखे व्हायचे राहू द्या. आधी शेजाऱ्यांसारखे होऊन दाखवा.”

दुसऱ्या मार्गाने परतफेड करण्याचेही मी प्रयत्न केले. पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना आले घातलेला चहा नेऊन दिला, आणि त्यांनी तो अत्यंत प्रेमाने परत केला. १८३३ सालच्या एका साक्षात्कारानुसार त्यांना ‘गरम पेये’ वर्ज्य आहेत, आणि गरम पेये म्हणजे चहा व कॉफी असा त्याचा अर्थ लावला जातो. मग हॉट चॉकलेट कसे चालते, असे मी विचारले. ते चालते. आणि चहा थंड करून घेतला तर? तो चालत नाही. येथे तर्क थांबतो आणि श्रद्धा सुरू होते, हे ओळखून मी थर्मास घेऊन परत आलो. पुढे एका रविवारी गुलाबजाम नेले, तर तो महिन्याचा पहिला रविवार निघाला. त्या दिवशी ते दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी देतात. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी, अन्नपाण्याविना, त्यांनी सकाळी आमचा बर्फ काढला होता. दिवाळीला मात्र चकल्यांचा डबा त्यांनी घेतला. पण रिकामा डबा परत करू नये ही रीत त्यांच्याकडेही असावी, कारण दोन दिवसांनी तो हिरवीगार जेली भरून आला, आणि त्या जेलीत किसलेले गाजर तरंगत होते. जेली हा युटाचा अधिकृत राज्य-खाऊ आहे, तेव्हा तिच्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही.

शेवटी गेल्या जानेवारीत मी पहाटे चारचा गजर लावला. रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत त्याचा थर साचला होता. आधी मी आमचा ड्राइव्हवे काढला, मग पदपथ काढला, आणि त्यानंतर त्याच हद्दीच्या रेषेपाशी, जिथे नऊ वर्षे ती शांतता पसरत असे, क्षणभर थांबून शेजाऱ्यांच्या दारात शिरलो. काम संपले तेव्हा कमरेत एक नवीनच सांधा असल्याचे माझ्या लक्षात आले. साडेपाच वाजता त्यांचे दार उघडले. ते फावडे घेऊन पायरीवर आले आणि स्वच्छ काँक्रीटकडे पाहत राहिले. हॉटेलात पाहुण्यांनी परस्पर बिल देऊन टाकले की माझ्या वडिलांचा चेहरा जसा होत असे, तसा त्यांचा झाला. मग त्यांनी मला मान लववली आणि ते तिसऱ्या घराकडे चालू लागले. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला होता, बायकोने खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा पेला ठेवून मला बोलावण्यासाठी काचेवर टिचकी मारली होती. पण एक अडुसष्ट वर्षांचा माणूस समोर बर्फ उपसत असताना चहाला जाण्याइतके ब्रह्मज्ञान माझ्याजवळ नव्हते. मीही तिसऱ्या घराकडे गेलो.

आम्ही परतत होतो, तेवढ्यात नगरपालिकेचा बर्फ सारणारा ट्रक पिवळा दिवा फिरवत रस्त्याने गेला, आणि जाता जाता त्याने रस्त्यावरचा सगळा काळपट, ओला, दगडासारखा बर्फ आमच्या दोन्ही ड्राइव्हवेंच्या तोंडाशी कंबरभर रचून ठेवला. माझ्या तोंडून जे निघाले ते सुदैवाने मराठीत होते. शेजाऱ्यांचा चेहरा मात्र उजळला. “पुन्हा खालच्या पायरीपासून,” असे म्हणून ते फावडे सरसावत तडक माझ्या दारासमोरच्या ढिगाकडे निघाले. ते पाहताच मी, कमरेवर हात ठेवून, जमेल तितक्या वेगाने त्यांच्या ढिगाकडे धावलो. उजाडेपर्यंत आम्ही एकमेकांची दारे मोकळी करत होतो. खिडकीतला चहा तोवर बर्फासारखा झाला होता. आता हे गरम पेय राहिलेले नाही, असे सांगून मी तो त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो नम्रपणे परत केला.