चित्र न पाहता दिलेला निवाडा

गेल्या रविवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज जड झाला होता. माझी भाची चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिने महाविद्यालयातील सेमिनारसाठी चित्रकार मकबूल फिदा हुसेन हा विषय निवडला आहे, हे आईला ठाऊक होते. त्यातच भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. “तिला सांग, दुसरा कुठलाही विषय घे. त्या माणसाचं नाव आपल्या घरात नको,” असे ती म्हणाली. आई गेली कित्येक वर्षे आषाढीला पंढरपूरला जाते. हुसेन यांचा जन्म १९१५ साली त्याच पंढरपुरात झाला, ही गोष्ट त्या मजकुरात नव्हती.

हा मजकूर नवा नाही. थोड्याफार फरकाने तो पंधरा-वीस वर्षे फिरतो आहे. त्यातील दावे असे: हुसेन यांनी हिंदू देवतांना नग्न रंगवले, पण स्वतःची आई, मुलगी आणि मदर तेरेसा यांना मात्र अंगभर वस्त्रांत, ज्याचा तिरस्कार वाटतो त्यालाच ते नग्न दाखवतात आणि हिटलरचे चित्र हा त्याचा पुरावा, हिंदू परंपरेत देवतेचे नग्न रूप कधीच नव्हते, देश सोडून कतारचे नागरिकत्व घेतले, म्हणजे त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘चित्रकार कोण आहे हे कळले की चित्र बघायची गरज उरत नाही’. आईला रडवणारे वाक्य पहिले असेल, मला संताप आणणारे वाक्य शेवटचे आहे.

नग्नता म्हणजे तिरस्कार हा दावा चित्रकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्यासमोर टिकणारा नाही. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात ग्लॅडस्टोन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास अनावृत मॉडेलसमोर बसून शरीर अभ्यासण्याचा वर्ग सुरू केला आणि आपल्याकडच्या चित्रकारांच्या पिढ्या त्या अभ्यासातून घडल्या. ज्या शरीराचे चित्र काढायचे त्याचा द्वेष करायला त्यांतील कुणालाही शिकवले गेले नव्हते. एका चित्रात हिटलर विवस्त्र आहे म्हणून दुसऱ्या चित्रातील विवस्त्र आकृतीचाही तोच अर्थ होतो असे मानायचे, तर पिवळ्या रंगाचा अर्थही सगळ्या चित्रांत एकच मानावा लागेल.

मदर तेरेसांच्या चित्रांबद्दल तर हा मजकूर लिहिणाऱ्याने ती चित्रे पाहिलेलीच नाहीत, असे मला खात्रीने वाटते. त्या मालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मूल धरणारे हात आहेत आणि चेहऱ्याच्या जागी काळोखी पोकळी आहे. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई गेली आणि तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. ही पोकळी तिथून आली आहे, हे त्यांच्या चित्रांविषयी थोडेफार वाचणाऱ्यालाही माहीत असते. त्या साडीला ‘बघा, हिला मात्र कपडे घातले’ असे म्हणणे म्हणजे एका पोरक्या माणसाच्या दुःखाकडे पाहून त्यातला फक्त कापडाचा हिशेब करणे होय.

परंपरेच्या मुद्द्यावर मात्र मला काही मान्य करावे लागेल, आणि ते मी नाखुशीने करतो. ‘कधीच नव्हते’ हे साफ खोटे आहे. कालीच्या ध्यानश्लोकात तिला ‘दिगम्बरी’ म्हटले आहे. तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्ती आपल्याच मातीतल्या आहेत; मस्तकाच्या जागी कमळ, पाय फाकलेले आणि देह उघडा अशा रूपात लोकांनी तिची शतकानुशतके पूजा केली, आणि रा. चिं. ढेरे यांनी त्या मातृदेवतेवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पण हुसेन यांनी जिचे नग्न रेखाचित्र काढले त्या सरस्वतीचे तसे नाही. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला या शुभ्रवस्त्रावृता’ हे आम्ही शाळेत हात जोडून म्हटले आहे, आणि ज्या देवतेचे रूप मनात शुभ्र वस्त्रासह ठसले आहे तिला निर्वस्त्र पाहून माझ्या आईला वेदना झाली असेल तर ती वेदना खोटी नाही. हुसेन यांची बाजू घेणारे प्रत्येक वेळी खजुराहोकडे बोट दाखवतात, तेही मला पटत नाही. तिथल्या अप्सरा आणि मिथुनशिल्पे म्हणजे देव्हाऱ्यातली सरस्वती नव्हे. दुखावलेल्या माणसाला ‘तुला तुझी परंपरा कळत नाही’ एवढेच ऐकवणे हा उद्दामपणा आहे. तरीही वेदना झाली हे एक आणि वेदना देण्यासाठीच चित्र काढले हे दुसरे, आणि या दुसऱ्यासाठी पुरावा लागतो.

पुरावा काय सांगतो? सरस्वतीचे ते रेखाचित्र सत्तरच्या दशकातले आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये भोपाळच्या ‘विचार मीमांसा’ या हिंदी मासिकाने ते छापले, तेही ‘चित्रकार की कसाई’ असा प्रश्न विचारणाऱ्या मथळ्याखाली. पुढच्याच महिन्यात अहमदाबादमधील कलादालनात घुसून त्यांच्या चित्रांची नासधूस झाली आणि १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. म्हणजे त्याच मोजक्या रेषा सुमारे वीस वर्षे अस्तित्वात होत्या आणि कुणी दगड उचलला नव्हता. १९९६ मध्ये रेषा बदलल्या नाहीत. त्यांच्यावर एक मथळा आला आणि त्या मथळ्याने चित्रकाराचे नाव पुढे केले.

भारताला नग्न स्त्रीच्या रूपात दाखवणाऱ्या, ‘भारतमाता’ म्हणून गाजलेल्या चित्राच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते, आणि इथे मी ज्याचा आधार घेतो तो दिल्ली उच्च न्यायालयाचा ८ मे २००८ चा निकाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. न्यायालयासमोर हुसेन यांनी सांगितले की ते चित्र त्यांनी २००४ मध्ये एका खासगी संग्राहकाला विकले होते आणि त्यानंतर त्यांचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. २००६ मध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी होणाऱ्या लिलावाच्या जाहिरातीत ते ‘भारतमाता’ या नावाने झळकले. जाहिरातीवरून गदारोळ झाल्यावर हुसेन यांनी जाहीर माफी मागितली, हेही मजकुरातून गाळले आहे. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी काय केले? त्यांनी चित्र पाहिले. आकृतीची ठेवण, हिमालयासारखे पसरलेले केस, देहावर लिहिलेली राज्यांची नावे, आकृतीतली व्यथा हे सारे लक्षात घेऊन, ही मांडणी वासना चाळवते का, हा कायद्याचा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर नकारार्थी आले. चित्रातील कलात्मकतेपुढे नग्नतेतील तथाकथित अश्लीलता खुजी ठरते, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला आणि हुसेन यांच्यावरील फौजदारी कारवाई रद्द केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तेव्हा ‘गुन्हा कबूल केला’ हे वाक्य कोणत्या कागदाच्या आधारावर लिहिले जाते, हे मला समजत नाही. घरावर हल्ला झालेला, ठिकठिकाणच्या न्यायालयांत खेचला गेलेला, नव्वदी ओलांडलेला माणूस परदेशात राहतो, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतो आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये मरतो, याला कबुली म्हणत नाहीत. नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी, आपल्या कॅनव्हासवर काम करत असायला हवे, असे त्याच निकालपत्रात लिहिले आहे.

आता ते शेवटचे वाक्य. चित्रकार कोण हे कळले की चित्र बघायची गरज उरत नाही, हा विचार हुसेन यांच्यापुरता थांबत नाही, म्हणून तो सगळ्यात घातक आहे. हुसेन यांच्याच प्रोग्रेसिव्ह गटातले, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटातले, चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा पाहा. गोव्यातील साळगावचा हा माणूस जन्माने कॅथलिक होता. त्यांनी ख्रिस्त रंगवला तो काट्यांनी ओरबाडलेला, दात विचकलेला. पाद्री रंगवले ते भेसूर. स्वतःच्या धर्माची चित्रे अशी काढणाऱ्यावर ‘परक्याच्याच देवांना हात लावतो’ हा आरोप करता येत नाही. तरीही १९४९ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनातून त्यांनी काढलेली नग्न चित्रे, त्यांत त्यांचे स्वतःचेही, उतरवली गेली, पोलीस घरी आले, आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. स्वतःचा धर्म, स्वतःचे शरीर, तरी सुटका नाही. जन्म पाहून निवाडा करणारे आज एका नावाला वगळतील आणि उद्या दुसऱ्याला, कारण त्यांना मुळात चित्र बघायचेच नसते.

कलावंत आणि कलाकृती यांच्यात भिंतच घाला, असे माझे म्हणणे नाही. कलावंताची करणी तपासावी. त्याने कुणावर अत्याचार केला असेल, कुणाला लुबाडले असेल, तर चित्र सुंदर आहे म्हणून त्याला सूट मिळू नये. पण जन्म ही करणी नव्हे. आणि हुसेन यांची करणी तपासायची तर मजकुरात नसलेल्या दोन गोष्टी मीच सांगतो. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातील एका गाण्यात कुराणातील शब्द आले म्हणून मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट चित्रगृहांतून काढून घेतला. दोन्हीकडच्या दुखावलेल्यांना एकच माप लावले का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. आणीबाणीत, माणसे तुरुंगात असताना, हुसेन यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवले. ते चित्र मला लाजिरवाणे वाटते आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. पण हा निवाडा मी चित्रात काय आहे ते पाहून आणि ते कधी काढले ते जाणून केला आहे. चित्रकार कोणत्या घरात जन्मला, याची मला त्यासाठी गरज पडली नाही. ज्यांना हुसेन यांच्यावर खरोखर टीका करायची आहे त्यांच्यासाठी एवढा सबळ मुद्दा समोर असताना तो मजकूर त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही, यावरून तो लिहिणाऱ्याला चित्रांशी किती देणेघेणे आहे ते कळते.

हे सगळे मी आईला फोनवर तासभर सांगितले. सरस्वतीचे चित्र मी तिला दाखवले नाही. तिने पाहावेच असा माझा आग्रह नाही, आणि ते तिला आवडले पाहिजे असा तर मुळीच नाही. मदर तेरेसांच्या मालिकेतले एक चित्र पाठवले. ते तिने पाहिले आणि विचारले, “तोंड का नाही काढलं?” मी कारण सांगितले. विषय बदलण्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही, पण ग्रुपवरचा मजकूर खोटा आहे असेही अजून म्हणालेली नाही.

भाचीचा सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे. इंदिरा गांधींचे दुर्गाचित्र दाखवले तर लोक हुसेन यांच्या विरोधात जातील, म्हणून ते गाळावे का, असे तिने मला विचारले होते. ते गाळू नकोस, आणि ‘मीनाक्षी’चा प्रसंगही गाळू नकोस, असे मी तिला कळवले आहे.