आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

परवा ओळखीच्या एक ताई फॉर्म घेऊन घरी आल्या. इथे न्यू जर्सीत एका गोदामात कामाला होत्या. शिफ्टच्या वेळा ऐनवेळी बदलतात म्हणून चौघीजणी मिळून सुपरवायझरशी बोलल्या आणि तीन आठवड्यांत ताईंना काढून टाकलं. तिथे युनियन नाही. पण युनियन नसली तरी कामाच्या अटींबद्दल एकत्र आवाज उठवायचा हक्क अमेरिकेच्या १९३५ च्या कायद्याने दिलाय, म्हणून हा कायदा राबवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे, तक्रार करायची होती. मुदत सहा महिन्यांची. सगळं भरून झाल्यावर ताई म्हणाल्या, "अगं, आणि यांनी नाही म्हटलं तर मी कोर्टात जाईन ना?"

नाही जाता येत. हे त्यांना सांगणं मला फार जड गेलं.

खटला चालवायचा की नाही, हे ठरवायचा अंतिम अधिकार याच कायद्यातल्या १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली दुरुस्तीपासून बोर्डाच्या जनरल कौन्सेलकडे, म्हणजे खटले चालवणाऱ्या मुख्य वकिलाकडे, आहे. प्रादेशिक कार्यालयाने तक्रार फेटाळली तर दोन आठवड्यांत अपील करायचं, तेही जनरल कौन्सेलकडेच. तिथेही नकार आला की संपलं. स्वतःचा वकील लावून या कायद्याखाली थेट दावा लावायची सोयच नाही. १९८७ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सुनावणीआधी जनरल कौन्सेलच्या बाजूने मालकाशी झालेली तडजोड, तक्रारदार युनियनचा विरोध असला तरी, कोर्टाने तपासायची नाही.

यामागचं कारण मला पटतं. वर्षाला २० हजारांच्या आसपास तक्रारी येतात. प्रत्येक नकारावर कोर्टबाजी झाली तर उरलेल्यांचं काम तुंबेल. पण हा अधिकार ज्या खुर्चीत आहे ती किती डळमळीत आहे बघा. जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी शपथ घेतली त्याच दिवशी आधीच्या जनरल कौन्सेलना काढलं, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बायडन यांच्या काळातल्यांना. खुर्चीवरचा माणूस बदलला की कोणत्या तक्रारी पुढे न्यायच्या याचं धोरण बदलतं, आणि ताईंसारखीला दाद मागायला दुसरीकडे जागा नाही.

माझं मागणं मोठं नाही. नकाराची कारणं सविस्तर, लेखी द्या आणि ती उघडउघड मनमानी आहेत का, एवढंच कोर्टाला बघू द्या. १९७५ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधल्या निवडणुकीच्या वादात सुप्रीम कोर्टाने मजूरमंत्र्यांना नेमकं हेच करायला लावलं होतं. तो कायदा वेगळा, पण त्याने मजूर खातं काही बंद पडलं नाही.

ताईंचे यजमान पिंपरीत कारखान्यात होते, म्हणून कोर्टात जायचा तो प्रश्न त्यांना सुचला. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवला नाही तर कारणं नोंदवून कळवावी लागत. २०१० च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कामगाराला समेटाच्या अर्जानंतर ४५ दिवसांनी थेट कामगार न्यायालयात जाता येऊ लागलं. तिथेही वर्षानुवर्षं तारखा पडतात, ते ताईंनी घरातच पाहिलंय. तरी दार होतं.

चौघींपैकी दोघी अजून त्याच गोदामात आहेत. साक्षीदार म्हणून त्यांची नावं द्यायची का, यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो होतो.